ओठावरच्या तिळाला वेळ आहे, तळपायावरच्या डागाला नाही

पत्र: माझ्या मुलीच्या (वय २५) वरच्या ओठाच्या वर, डावीकडे तपकिरी, थोडा उंच तीळ आहे. आठवी-नववीत असताना आला, तेव्हापासून तेवढाच आहे. त्यात एक केसही येतो. थ्रेडिंग करताना तो दोऱ्यात सापडतो, दोनदा रक्त आलं. मार्गशीर्षात, म्हणजे तीन महिन्यांनी, तिचं लग्न आहे. पार्लरवाली म्हणते, मशीनने जाळून देते, दहा मिनिटांचं काम. आमच्या वन्सं म्हणतात, चुना आणि सोडा लाव, आपोआप गळून पडेल. शेजारच्या काकू म्हणतात, तिळाला हात लावला की कॅन्सर होतो. कोणाचं ऐकावं? माझ्याही मानेवर मंगळसूत्राखाली बारीक चामखिळी वाढल्या आहेत, त्या काढाव्यात का? आणि जाता जाता एक: सासऱ्यांच्या (वय ७२, मधुमेह आहे) डाव्या तळपायावर गेल्या दिवाळीपासून काळा डाग आहे. नव्या चपलेने पडला असं ते म्हणतात. दुखत नाही, पण थोडा पसरलाय असं मला वाटतं. कुरूप असेल म्हणून मेडिकलमधून पट्टी आणून लावतो आहोत.
– एक वाचक, कोथरूड

ताई, उत्तर तुमच्या शेवटच्या ओळींपासून सुरू करतो. मुलीच्या तिळाचं वर्णन वाचून काळजी वाटली नाही. सासऱ्यांच्या तळपायाचं वाचून वाटली. तो डाग साधाही निघेल, पण तो कशाचा आहे हे घरी बसून ठरवता येणार नाही, आणि ते या आठवड्यातच ठरायला हवं.

तिळासारख्या दिसणाऱ्या कॅन्सरला मेलॅनोमा म्हणतात. गोऱ्या कातडीच्या लोकांच्या मानाने आपल्याकडे तो फार कमी आढळतो. पण आपल्या लोकांत जेव्हा होतो, तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. नेमक्या याच जागा कोणी बघत नाही, आणि बघितल्या तरी चपला, ठेच, कुरूप, दारात सापडलेलं बोट अशी कारणं हाताशी तयार असतात. त्यामुळे तो उशिरा सापडतो. 'दुखत नाही' यावर तर अजिबात विसंबू नका. मेलॅनोमा सुरुवातीला दुखत नाही, आणि बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात पायाची संवेदनाही कमी झालेली असते.

चपलेने किंवा ठेच लागून रक्त साकळलं तर डाग अचानक दिसतो, लालसर-जांभळट काळा असतो आणि कातडी वाढेल तसा वर वर येत काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत झडून जातो. दिवाळीपासून तसाच राहिलेला, शिवाय पसरत चाललेला डाग या हिशेबात बसत नाही.

पहिलं काम म्हणजे कुरुपाची पट्टी आजच बंद करा. त्या पट्टीत ४० टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते कातडी पांढरी, भुसभुशीत करतं. डागाची कड आणि रंग बिघडल्यामुळे डॉक्टरांना तो नीट वाचता येत नाही. शिवाय मधुमेह असलेल्या पायाला त्याने जखम झाली तर ती भरायला महिने लागतात. डाग कुरूप असो वा नसो, मधुमेहात ही पट्टी वापरायचीच नसते.

मग पाय साबणाने धुऊन, पुसून, खिडकीच्या उजेडात डागाशेजारी शाळेची पट्टी ठेवून फोनने फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि सगळी नखं बघा. आपल्या रंगाच्या लोकांत वयानुसार अनेक नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेषा येतात, त्याला घाबरायचं कारण नाही. पण एकाच नखावर नवी रेषा आली, ती ३ मिलिमीटरपेक्षा रुंद झाली, किंवा तिचा काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला, तर तेही डॉक्टरांना दाखवायचं. जांघेत गाठ लागते का, हे सासऱ्यांना विचारा. ते चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर घेतील असं बघा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. छोट्या तपासणीसाठी ती सहसा थांबवावी लागत नाही, आणि थांबवल्याने हृदयाला होणारा धोका मोठा असतो.

त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेताना फोनवरच विचारा, 'तुमच्याकडे डर्मोस्कोप आहे का?' हे प्रकाश असलेलं हातात मावणारं भिंग असतं. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात, शेतातल्या सरी-वरंब्यासारख्या. रंग सरीत, म्हणजे खाचेत साठला असेल तर बहुधा साधा तीळ. रंग वरंब्यावर, उंच रेषांवर पसरला असेल तर संशय घ्यायचा. साध्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, डर्मोस्कोपखाली पाच मिनिटांत कळतो. साकळलेलं रक्त असेल तर डॉक्टर वरची निर्जीव कातडी पात्याने हलकेच खरवडतात, डाग तिथेच निघून जातो आणि विषय संपतो. खासगीत जायचं नसेल तर ससूनमध्ये (पुण्याचं सरकारी रुग्णालय) सकाळी केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा.

संशय राहिला तर डॉक्टर बायोप्सी सांगतील. डाग लहान असेल तर कडेने २ मिलिमीटर चांगली कातडी आणि खालची थोडी चरबी घेऊन तो पूर्ण काढतात. मोठा असेल तर सगळ्यात जाड किंवा सगळ्यात काळ्या भागातून तुकडा घेतात. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून पॅथॉलॉजीत जातो, रिपोर्टला साधारण आठवडाभर लागतो. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' असं घरात कोणी ना कोणी म्हणेलच. पसरत नाही. तपासणी लांबली तर मात्र तो खोल जातो, आणि मेलॅनोमात सगळं खोलीवर अवलंबून असतं. तो १ मिलिमीटरपेक्षा पातळ असताना सापडला तर बहुतेकांना शस्त्रक्रिया पुरते. म्हणून एकच आग्रह: कोणी 'जाळून टाकू' किंवा 'लेझर मारू' म्हणालं तर नको म्हणा. तळपायावरचा डाग तपासल्याशिवाय जाळायचा नसतो.

आता मुलीकडे वळू. शाळेत असताना आलेला, दहा-बारा वर्षं तेवढाच राहिलेला, एकसारख्या रंगाचा, उंच आणि मऊ, केस असलेला तीळ हा बहुधा साधाच असतो. तीळ जन्मतःच असतात असा समज आहे, पण बरेचसे लहानपणापासून तिशीपर्यंत येत राहतात आणि मोठ्या माणसाच्या अंगावर १० ते ४० तीळ असणं नेहमीचं आहे. तिळातला केस ओढून उपटू नका. मुळाशी सूज येते, पू होतो, तीळ दुखायला लागतो आणि 'वाढला' असं वाटून घरात घबराट होते. बारीक कात्रीने कापला की झालं.

रक्त आलं ते दोऱ्याने कापल्यामुळे. स्वच्छ कापडाने १० मिनिटं दाबून धरलं की थांबतं, आणि अशी जखम दोन आठवड्यांत भरते. कारणाशिवाय रक्त येणं, किंवा जखम तीन-चार आठवड्यांत न भरणं, ही वेगळी गोष्ट. तसं झालं तर दाखवायला हवं. तीळ एका बाजूने वेगळा दिसू लागला, कड वेडीवाकडी किंवा पुसट झाली, एकाच तिळात तपकिरी, काळा, निळसर, पांढरा असे रंग मिसळले, तो ६ मिलिमीटरच्या म्हणजे पेन्सिलच्या मागच्या टोकाच्या पुढे गेला, तरी दाखवायचं. यातलं शेवटचं माप एकटं फारसं बोलत नाही. बरेच साधे तीळ त्याहून मोठे असतात. सगळ्यात जास्त वजन बदलाला द्या. गेल्या काही महिन्यांत काहीतरी बदललंय, किंवा अंगावरच्या बाकी तिळांत एकच वेगळा उठून दिसतोय, एवढं कारण डॉक्टरकडे जायला पुरे. चाळिशीनंतर नवाच आलेला तीळही एकदा दाखवावा. घरात साठीच्या पुढची माणसं आहेत म्हणून हेही सांगतो: चेहऱ्यावर काळसर, चकाकणारी फुगवटी येते, खपली धरते, पडते, रक्त येतं, पुन्हा खपली धरते, तर तो बेसल सेल कॅन्सर असू शकतो. आपल्याकडे तो काळा दिसत असल्याने लोक त्याला मस समजून वर्षानुवर्षं सोडून देतात. तो पसरत सहसा नाही, पण नाक-डोळ्यांपाशी कातडी खात जातो.

काकूंच्या भीतीबद्दल. साधा तीळ काढल्याने त्याचा कॅन्सर होत नाही. ही समजूत कुठून आली असावी त्याचा अंदाज करता येतो: आधीच कॅन्सर असलेला तीळ कोणीतरी न तपासता जाळतं किंवा कापतं, वरचा भाग जातो, मुळं राहतात, वर्षभरात तिथे गाठ येते, आणि दोष तीळ काढण्यावर जातो. खरा दोष न तपासण्याचा असतो.

आणि म्हणूनच पार्लर नको. तिथल्या कॉटरी पेनने किंवा मशीनने तीळ जळून जातो, म्हणजे तपासायला काही उरतच नाही. वरचा भाग जळतो, खालच्या पेशी राहतात, काही महिन्यांत व्रणातून काळे ठिपके उगवतात. असा अर्धवट काढलेला साधा तीळ पुन्हा आला की सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा मेलॅनोमासारखा दिसू शकतो, आणि पुढच्या डॉक्टरांची पंचाईत होते. भूल नाही, निर्जंतुक सुया नाहीत, किती खोल जायचं याचा अंदाज नाही. ओठावर खोल जळलं तर खड्डा राहतो, आणि खड्डा मेकअपने झाकत नाही.

वन्संचा उपाय त्याहून वाईट आहे. चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. पापडखार घेतला तरी प्रकार तोच. ते तीळ ओळखत नाही, जिथे लागेल तिथली कातडी जाळत खोल जातं, पुसून टाकल्यावरही काही वेळ जाळत राहतं, आणि ओठापासून तोंडात जायला किती अंतर आहे ते बघा. बिब्ब्याचं तेल, लसूण, व्हिनेगर हेही नको. बिब्ब्याने तर चेहरा सुजून फोड येतात आणि त्याचे काळे डाग अनेक महिने राहतात. कोणी आधीच असलं काही लावलं असेल तर ती जागा वाहत्या पाण्याखाली किमान २० मिनिटं धुवा, वर लिंबू-बिंबू काही लावू नका, आणि डॉक्टरकडे जा.

काढायचाच असेल तर पद्धती तीन, आणि निवड तिळाच्या खोलीवर व जागेवर ठरते. पहिल्या पद्धतीत पात्याने तीळ कातडीच्या पातळीला तासतात आणि उरलेला भाग रेडिओफ्रिक्वेन्सीने (रेडिओ लहरींच्या उष्णतेने) सपाट करतात. टाके नाहीत, खपली सात-दहा दिवसांत पडते. पण केसाचं मूळ खोल असल्यामुळे केस पुन्हा येऊ शकतो, आणि थोडा तपकिरी रंगही परतू शकतो. तासलेला तुकडा तपासायला पाठवता येतो, हा तिचा मोठा फायदा. दुसरी पंच पद्धत: ३ ते ५ मिलिमीटरच्या गोल पात्याने तीळ मुळासकट काढून एक-दोन टाके घालतात. तुमच्या मुलीचा तीळ या मापात बसत असेल तर आम्हाला हीच बरी वाटते, कारण तीळ आणि केस दोन्ही एकदाच संपतात. तीळ त्याहून मोठा असेल तर तिसरी: डोळ्याच्या आकाराचा छेद. याचा व्रण तिळाच्या साधारण तिप्पट लांब रेघ होतो, हे आधी माहीत असलेलं बरं. तीळ ओठाच्या कडेला भिडलेला असेल तर प्लास्टिक सर्जनकडे जा. तिथे एक मिलिमीटर चुकला तरी ओठाची रेषा तुटलेली दिसते. नुसता लेझर मारून उडवणं हा चौथा प्रकार जाहिरातीत सगळ्यात जास्त दिसतो, पण त्यात तपासायला काही उरत नाही. डर्मोस्कोपखाली तीळ साधा असल्याची पूर्ण खात्री झाली असेल तरच तो ठीक.

तीळ कोण काढणार हे आधी विचारा; डॉक्टर बघणार आणि काढणार मदतनीस, असं चालायचं नाही. पाटीवर त्वचारोगातली पदवी किंवा पदविका (एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल) आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, तो बघा. तुकडा तपासायला जाणार का आणि त्याचा खर्च सांगितलेल्या रकमेत धरलाय का, हे पैसे भरायच्या आधी ठरवा. आमचं मत स्पष्ट आहे: चेहऱ्यावरचा असो वा पाठीवरचा, काढलेला तीळ तपासून घ्यावा. तो रिपोर्ट फाइलला लावून कायमचा ठेवा. पूर्वी जखमेचे व्रण फुगून जाड झाले असतील, भुलेची ॲलर्जी असेल, पेसमेकर असेल, दिवस गेले असण्याची शक्यता असेल, ओठावर वारंवार तापाचे फोड ('जर') येत असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

लागणारी वेदना म्हणजे भुलेच्या सुईची. लिग्नोकेन हे भुलेचं औषध आत जाताना दहा-पंधरा सेकंद झोंबतं, मग काही कळत नाही. सुईची धास्ती असेल तर आधी भूल देणारी मलम ४५ ते ६० मिनिटं झाकून लावतात, तेवढं लवकर पोहोचावं लागतं.

खरा प्रश्न तारखेचा आहे. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, पण लालसरपणा सहा-आठ आठवडे राहतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर जखमेनंतर येणारा काळेपणा जायला तीन ते सहा महिनेही लागतात. आज काढला तर लग्नात व्रण पूर्ण मावळलेला असेल याची खात्री कोणी देऊ नये, मेकअपखाली झाकला जाईल एवढंच म्हणता येईल. म्हणून एक तर येत्या दोन आठवड्यांत काढा, नाही तर लग्न झाल्यावर. केळवणं सुरू झाली, पत्रिका वाटल्या आणि मग आठ दिवस आधी आठवण झाली, असं करू नका. भरत असलेल्या जखमेला हळदीच्या दिवशी हळद लागली तर जंतुसंसर्गाला वाव मिळतो आणि रंगही आत बसतो. आणि मुलीला विचारा. तुमच्या पत्रात सगळ्यांचं मत आहे, तिचं नाही. तिला तो नको असेल तर काढा. तिला त्याचं काही नसेल तर थ्रेडिंग करताना तिळाची जागा सोडून द्या म्हणून सांगायचं. तब्येतीसाठी तो काढण्याची गरज नाही.

काढल्यावर पहिले २४ तास जागा कोरडी ठेवा. मग रोज दोनदा सौम्य साबणाने धुऊन, टिपून, डॉक्टरांनी दिलेली मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली पातळ लावा. जखम कोरडी पडू दिली की लवकर भरते असं वाटतं, पण ओलसर ठेवलेली जखम लवकर आणि कमी व्रणाने भरते. खपली नखाने काढली तर खड्डा पडतो. पहिला आठवडा मोठा घास, जोरात हसणं, शिट्टी वाजवणं टाळा. वरच्या ओठाची कातडी सतत ताणली जाते आणि टाका सैल होतो. दुचाकीवर स्कार्फ बांधायचा असेल तर जागेवर मायक्रोपोरची पट्टी लावून मग बांधा, नाही तर कापड घासून खपली निघते. कातडी मिटली की एसपीएफ ३० ते ५० चं सनस्क्रीन रोज, ढगाळ दिवशीसुद्धा, निदान तीन महिने. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. घरातली स्टेरॉइड असलेली 'गोरं करणारी' मलम व्रणावर लावू नका, कातडी पातळ पडते. लाली वाढली, ठणकलं, पू आला किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. महिन्याभराने व्रण जाड, खाजरा वाटू लागला तरी लगेच जा. सुरुवातीला सिलिकॉन जेल किंवा व्रणात दिलेल्या इंजेक्शनने तो बसतो.

तुमच्या मानेच्या चामखिळी. मंगळसूत्राच्या घर्षणाच्या जागी आणि काखेत येणाऱ्या मऊ, लोंबत्या, बारीक गाठी निरुपद्रवी असतात. त्यांना दोरा किंवा घोड्याचा केस बांधू नका, चिघळतात. रेडिओफ्रिक्वेन्सीने त्या एका बैठकीत निघतात. काढल्यावर दोन आठवडे गळ्यात काही घालू नका. पण त्या भराभर वाढत असतील, आणि मानेची कातडी काळपट, जाडसर मखमलीसारखी झाली असेल, तर शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. वजन, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एकदा तपासून घ्या. सासऱ्यांना घेऊन जाल तेव्हा त्याच डॉक्टरांना तुमची मानही दाखवा.